एक देश होण्याआधीचा जर्मनी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत आपण जर्मनीचं एकीकरण शिकतो: बिस्मार्क, तीन युद्धं, १८७१. त्याआधीच्या आठ-नऊशे वर्षांची बोळवण 'लहान लहान राज्यांत विभागलेला प्रदेश' एवढ्या एका ओळीत होते. या ओळीने त्या काळावर अन्याय होतो असं मला ठामपणे वाटतं. त्या विभागणीला स्वतःचे कायदे होते, स्वतःची न्यायालयं होती, आणि सामान्य माणूस तगणार की भरडला जाणार हे पुष्कळदा तो सीमेच्या अलीकडे आहे की पलीकडे यावर ठरत होतं. इतिहासाची आवड असलेल्या वाचकांकडून वरचेवर येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

१८७१ च्या आधी तिथे नेमकं होतं काय?

बराच काळ 'पवित्र रोमन साम्राज्य' होतं. ९६२ मध्ये ऑटो पहिला याचा रोममध्ये राज्याभिषेक झाला, तिथून त्याची सुरुवात धरतात. ६ ऑगस्ट १८०६ ला फ्रान्झ दुसरा याने मुकुट खाली ठेवला आणि साम्राज्य संपलं. आजचा जर्मनी, ऑस्ट्रिया, चेक प्रदेश आणि इटलीचा काही भाग त्याच्या कक्षेत होता. स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्सही दीर्घकाळ त्यातच मोडत, नंतर ते बाहेर पडले. पुढे १८१५ ते १८६६ या काळात ३९ राज्यांचा सैलसर 'जर्मन महासंघ' होता.

राज्यं होती तरी किती?

अठराव्या शतकात साधारण ३०० धरा. पण हा आकडा फसवा आहे. एका टोकाला प्रशिया आणि ऑस्ट्रियासारख्या युरोपातल्या बड्या सत्ता, तर दुसऱ्या टोकाला त्सेल आम हार्मर्सबाख नावाचं ब्लॅक फॉरेस्टमधलं चिमुकलं गाव. ते कायद्याने मुक्त नगर होतं, म्हणजे त्याच्यावर थेट सम्राटाखेरीज कुणाचीही सत्ता नव्हती. त्याच्या शेजारची शेतकऱ्यांची एक दरीसुद्धा अशीच थेट सम्राटाच्या अखत्यारीत होती. शिवाय शेकडो 'साम्राज्य-सरदार' घराणी होती. त्यांच्याकडे दोन-चार गावं असत आणि त्या गावांपुरते ते राजेच.

यात आणखी गुंता असा की एकाच गावावर दोघा-तिघांची सत्ता असू शकायची. न्युर्नबर्गला खेटून असलेल्या फ्यूर्तवर बाम्बेर्गचं धर्मपीठ, आन्सबाखचा मारग्राफ (म्हणजे सरहद्दीच्या प्रांताचा राजा, असा एक किताब) आणि न्युर्नबर्ग शहर असे तिघे जण हक्क सांगत. नकाशावर हे सगळं ठिगळांच्या गोधडीसारखं दिसतं, आणि कुठलंही ठिगळ चौकोनी नाही.

सम्राट होता, तर सत्ता त्याची नव्हती का?

सम्राट वारसाहक्काने ठरत नसे, निवडून येई. १३५६ च्या 'सुवर्ण फर्मानाने' सात निर्वाचक पक्के केले: माइन्त्स, ट्रिअर आणि कोलोनचे आर्चबिशप, बोहेमियाचा राजा, ऱ्हाइनचा पॅलेटिन काउंट, सॅक्सनीचा ड्यूक आणि ब्रांडेनबुर्गचा मारग्राफ. पंधराव्या शतकापासून मुकुट बहुतेक वेळा हाब्सबुर्ग घराण्याकडेच राहिला, तरी दर खेपेला निर्वाचकांना वचनं देऊन तो मिळवावा लागे.

कर, युद्ध आणि कायदा यासाठी साम्राज्यसभेची, म्हणजे राजे, बिशप आणि मुक्त नगरं यांच्या सभेची, संमती लागायची. १६६३ पासून ही सभा रेगेन्सबुर्गमध्ये कायम बसली ती थेट १८०६ पर्यंत. १४९५ मध्ये वोर्म्सच्या सभेत 'शाश्वत शांतता' जाहीर झाली. म्हणजे सरदारांनी आपसातली भांडणं तलवारीने सोडवणं बेकायदा ठरलं आणि त्यासाठी साम्राज्याचं वरिष्ठ न्यायालय स्थापन झालं. बंदी लगेच अमलात आली नाही, पण तक्रार कुठे न्यायची हे त्या दिवसापासून ठरलं. ही तारीख मला १८७१ इतकीच महत्त्वाची वाटते.

म्हणजे आपल्याकडच्या संस्थानांसारखंच की!

सांगली, मिरज, औंध, जमखिंडी ही नावं डोळ्यांसमोर येणं साहजिक आहे. आकाराच्या आणि दरबारी थाटाच्या बाबतीत साम्य आहेच. फरक मात्र मुळातला आहे. आपली संस्थानं एका परकीय सत्तेच्या सार्वभौमत्वाखाली होती आणि त्या सत्तेच्या निर्णयात त्यांना मत नव्हतं. जर्मन संस्थानिक साम्राज्यसभेत बसत, मत देत, आणि कायदा त्यांच्या सहभागाने होई. धाकट्यांना एकेकटं मत नसे, त्यांचं गटाने एक मत धरलं जाई, पण बाकावर जागा होती.

रोजच्या जगण्यात या सीमा कशा जाणवायच्या?

सर्वांत आधी खिशाला. ऱ्हाइन नदीतून दारू, मीठ किंवा लाकूड नेणाऱ्या नावाड्याला ठिकठिकाणी जकात भरावी लागे. काउब इथे नदीच्या मधोमध खडकावर बांधलेला फाल्त्सग्राफेनश्टाइन नावाचा किल्ला आजही उभा आहे. १३२७ च्या सुमारास त्याचं बांधकाम सुरू झालं ते जकातीसाठीच. नदीतून जाताना त्याला चुकवता येत नसे.

मग वजन-मापं. रेगेन्सबुर्गच्या जुन्या नगरभवनाच्या दाराशी भिंतीत लोखंडी पट्ट्या बसवलेल्या आहेत: या शहराचा फूट, या शहराचा कापड मोजायचा गज, या शहराची वाव. व्यापाऱ्याशी वाद झाला की गिऱ्हाईक त्याला घेऊन तिथे जायचं आणि भिंतीला लावून माप तपासायचं. पुढच्या शहरात फूट वेगळा, गज वेगळा. ज्या इमारतीत साऱ्या साम्राज्याची सभा भरत होती तिच्याच दाराशी फक्त त्या एका शहराची मापं टांगलेली होती, यात त्या काळाची सगळी रचना दिसते.

आणि तारीखसुद्धा एक नव्हती! पोपने १५८२ मध्ये नवं कॅलेंडर आणलं ते कॅथलिक राज्यांनी लवकरच स्वीकारलं. प्रोटेस्टंट राज्यांनी १७०० पर्यंत थांबवून धरलं. शंभराहून अधिक वर्षं शेजारशेजारच्या गावांत नाताळ दहा दिवसांच्या अंतराने साजरा होत होता.

'शहराची हवा माणसाला मुक्त करते' हे खरं होतं का?

मध्ययुगात बऱ्याच शहरांत असा दंडक होता की पळून आलेला भूदास, म्हणजे मालकाच्या जमिनीला बांधलेला शेतकरी, एक वर्ष आणि एक दिवस तिथे राहिला आणि मालकाने दावा केला नाही, तर तो मुक्त. मुक्त होणं आणि नागरिक होणं या मात्र वेगळ्या गोष्टी. नागरिकत्वाला पैसे लागत, गिल्डमध्ये शिरायला ओळख लागे. गिल्ड म्हणजे एकेका धंद्यातल्या कारागिरांची संघटना. उस्ताद किती असावेत हे तीच ठरवी आणि बाहेरच्याला दार सहसा उघडत नसे. शिकाऊ कारागीर काही वर्षं गावोगाव फिरत काम शिकायचा. त्यामुळे बातम्या, गाणी आणि कामाच्या पद्धती सीमा ओलांडून पसरल्या.

धर्मसुधारणा इथेच का पेटली?

कॅथलिक चर्चला आव्हान देणारा धर्मगुरू मार्टिन लूथर याच्या विचारांइतकंच याचं श्रेय राजकीय विभागणीला आहे. १५२१ मध्ये वोर्म्सच्या सभेनंतर सम्राट पाचव्या चार्ल्सने त्याला बहिष्कृत केलं. एकसंध राज्यात त्याचा शेवट तिथेच झाला असता. पण फर्मान अमलात आणायचं ते स्थानिक राजांनी, आणि लूथरचा राजा होता सॅक्सनीचा निर्वाचक फ्रेडरिक. दोन वर्षांपूर्वीच चार्ल्सला सम्राट होण्यासाठी निर्वाचकांची मनधरणी करावी लागली होती. फ्रेडरिकने लूथरला वाटेत पळवून नेल्याचा देखावा करून वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपवलं. तिथे बसून त्याने बायबलच्या नव्या कराराचं जर्मन भाषांतर केलं.

छापखान्यांचंही तेच. एका शहराने बंदी घातली तर पत्रक दुसऱ्या शहरात छापून निघायचं. विटेनबेर्ग, न्युर्नबर्ग, आउग्सबुर्ग, स्ट्रासबुर्ग: सगळ्यांवर एकाच वेळी टाच आणणारा हात कुणाकडेच नव्हता.

१५२५ मध्ये शेतकरी का उठले?

या पानावरचा हा मला सर्वांत जवळचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नैऋत्येकडच्या लहान लहान राज्यांत सरदार आणि मठ आपली सत्ता घट्ट करत होते. गावाची सामाईक कुरणं, जंगल, ओढ्यातले मासे यांवर पिढ्यानपिढ्या असलेला हक्क काढून घेतला जात होता. वेठ वाढत होती. १५२४ च्या उन्हाळ्यात श्ट्युलिंगेनमध्ये ठिणगी पडली. तिथल्या सरदारपत्नीने ऐन सुगीत शेतकऱ्यांना सूत गुंडाळण्यासाठी गोगलगाईंचे शंख गोळा करायला पाठवलं, अशी हकिगत सांगितली जाते. शब्दशः खरी असो वा नसो, ती लोकांना पटली, कारण अशा वेठीची सवय सगळ्यांना होती.

मार्च १५२५ मध्ये मेमिंगेन या मुक्त नगरात शेतकऱ्यांचे प्रतिनिधी जमले आणि 'बारा कलमं' तयार झाली. ती लिहिण्यात झेबास्टियान लोत्सर नावाच्या, कातडी कमावून फर शिवणाऱ्या कारागिराचा मोठा हात होता. मागण्या वाचल्या तर आजही अंगावर काटा येतो: आमचा धर्मगुरू आम्ही निवडणार. ख्रिस्ताने रक्त सांडून सगळ्यांनाच सोडवलं, मेंढपाळ असो वा सरदार, मग आम्ही भूदास कसे? लाकूडफाटा आणि मासेमारी खुली करा. आणि अकरावं कलम: घरचा कर्ता मेला की मालक जो मृत्यूकर वसूल करतो, तो बंद करा. हा कर म्हणजे काय? बाप गेल्याच्या दुःखात असलेल्या घरातून गोठ्यातलं सर्वांत चांगलं जनावर किंवा सर्वांत चांगला कपडा मालक उचलून न्यायचा. विधवेच्या दारातली गाय सोडून नेली जात होती, आणि हे कायद्याने होत होतं.

लूथरने शेवटी शेतकऱ्यांच्या विरोधात लेखणी उचलली आणि राजांना त्यांना निर्दयपणे चिरडायला सांगितलं. १५ मे १५२५ ला फ्रांकेनहाउझेनजवळ हजारो शेतकरी कापले गेले. त्यांचा धर्मोपदेशक नेता थॉमस म्युंट्सर याचा छळ करून बारा दिवसांनी शिरच्छेद झाला. एकूण बळी ७० हजार ते १ लाख असावेत असा अंदाज सांगितला जातो.

उठाव हरला, तरी पुढच्या काळात गावं न्यायालयाचा रस्ता अधिकाधिक धरू लागली. त्याबद्दल खाली वेगळा प्रश्न आहे.

राजाचा धर्म तोच प्रजेचा धर्म, हे कसं चाललं?

१५५५ च्या आउग्सबुर्ग तहाने राजाला कॅथलिक की लुथरन हे ठरवायचा अधिकार दिला. ज्याला ते मान्य नसेल त्याने घरदार विकून दुसऱ्या राज्यात जावं. हा स्थलांतराचा हक्क म्हटलं तर क्रूर होता, पण त्या शतकात इतरत्र अशा माणसाला जाळलं जात होतं हेही लक्षात घ्या. राज्य लहान असल्याने पलीकडचा आसरा पुष्कळदा एका दिवसाच्या चालीवर असे. नेहमीच नाही: १७३१-३२ मध्ये साल्झबुर्गच्या आर्चबिशपने सुमारे २० हजार प्रोटेस्टंटांना हाकललं आणि त्यांतल्या बहुतेकांना थेट पूर्व प्रशियापर्यंत पायपीट करावी लागली.

काही ठिकाणी अजब तोडगे निघाले. १६४८ नंतर ओस्नाब्रुकमध्ये एकदा कॅथलिक बिशप आणि पुढच्या वेळी हॅनोव्हर-ब्राउनश्वाइग घराण्यातला लुथरन राजपुत्र, अशी आळीपाळी ठरली. त्यातून १७६४ मध्ये ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज याचा मुलगा फ्रेडरिक तिथला बिशप म्हणून निवडला गेला. तेव्हा तो अवघ्या सहा महिन्यांचा होता.

तीस वर्षांचं युद्ध विभागणीमुळेच झालं ना?

काही अंशी. २३ मे १६१८ ला प्रागच्या किल्ल्याच्या खिडकीतून सम्राटाच्या अधिकाऱ्यांना खाली फेकलं गेलं आणि धर्माचा, सत्तेचा वाद पेटला. पण तो तीस वर्षं धुमसत ठेवला तो स्वीडन, फ्रान्स, स्पेन यांच्या फौजांनी आणि पगार न मिळाल्याने गावं लुटून जगणाऱ्या भाडोत्री सैनिकांनी. २० मे १६३१ ला माग्डेबुर्ग शहर जळालं तेव्हा सुमारे २० हजार माणसं मेली. साम्राज्याची लोकसंख्या एक-पंचमांश ते एक-तृतीयांश घटली असावी. झळ मात्र सारखी नव्हती. व्युर्टेम्बेर्ग आणि पोमेरानिया ओस पडले, तर तटबंदीमागे आणि तटस्थ राहिलेल्या हाम्बुर्गची भरभराट झाली.

२४ ऑक्टोबर १६४८ ला म्युन्स्टर आणि ओस्नाब्रुक इथे तह झाले. राजाने धर्म बदलला म्हणून प्रजेने बदलायची सक्ती यापुढे चालणार नव्हती. १६२४ मध्ये जिथे जी उपासना होती ती तशीच राहील असं ठरलं.

लहान राज्य म्हणजे लोकांच्या जवळचं राज्य, असं म्हणता येईल का?

म्हणता येईल, पण जवळचा राजा जवळचा जुलमीही असू शकतो. चेटकिणींच्या खटल्यांचा सर्वांत भयानक कहर मोठ्या राज्यांत नाही, तर बाम्बेर्ग आणि व्युर्त्सबुर्गसारख्या बिशपांच्या लहान राज्यांत झाला. तिथे आरोप करणारा, छळ करणारा आणि निकाल देणारा एकाच दरबाराचा नोकर होता. बाम्बेर्गचा नगराध्यक्ष योहानेस युनियुस याने जुलै १६२८ मध्ये तुरुंगातून आपल्या लेकीला, व्हेरोनिकाला, चोरून पत्र लिहिलं. यंत्रात बोटं चिरडल्यामुळे त्याचा हात चालत नव्हता. आपण निर्दोष आहोत, कबुली छळ असह्य झाला म्हणून दिली, असं त्यात त्याने लिहिलं आहे. ते पत्र आजही जतन केलेलं आहे. त्याच काळात पॅलेटिनेटसारख्या मोठ्या राज्यात असे मृत्युदंड जवळपास नव्हतेच.

सीमा वाचवायची तशी घातही करायची. कवी शुबार्ट उल्म या मुक्त नगरात राहून व्युर्टेम्बेर्गच्या ड्यूकवर टीका करत होता. १७७७ मध्ये त्याला फसवून सीमेपलीकडे ब्लाउबोयरेनला बोलावलं, अटक केली आणि खटल्याविना दहा वर्षं होएनआस्पेर्गच्या किल्ल्यात डांबलं. पाच वर्षांनी त्याच ड्यूकने नाटककार शिलरला नाटकं लिहायला बंदी केली, तेव्हा तो रातोरात मानहाइमला पळाला आणि वाचला.

सामान्य माणूस राजावर खटला भरू शकायचा?

हो, आणि ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. वेत्स्लारचं साम्राज्य-न्यायालय आणि व्हिएन्नाची दरबारी न्यायसभा इथे गावं आपल्या मालकाविरुद्ध दाद मागत. खटले दशकानुदशकं रेंगाळत हे खरं. तरी निकाल लागत. १७२८ मध्ये मेक्लेनबुर्गचा ड्यूक कार्ल लिओपोल्ड याचे अधिकार काढून घेतले गेले. १७७५ मध्ये कार्ल मॅग्नुस नावाच्या ऱ्हाइनकाठच्या काउंटला प्रजेच्या नावावर खोटी कर्जं काढल्याबद्दल दहा वर्षांची कैद झाली. युरोपातल्या किती 'मजबूत' राज्यांत राज्यकर्त्याला असं तुरुंगात टाकता आलं असतं?

ज्यू लोकांचं काय?

त्यांना संरक्षण विकत घ्यावं लागे आणि ते कधीही काढून घेतलं जाई. फ्रँकफर्टमध्ये १४६२ पासून त्यांना एका अरुंद गल्लीत कोंडलं, तिची दारं रात्री आणि रविवारी बंद होत. न्युर्नबर्गने त्यांना १४९९ मध्ये हाकललं, रेगेन्सबुर्गने १५१९ मध्ये. त्यांनी आसरा घेतला तो लहान सरदारांच्या गावांत आणि वर सांगितलेल्या तीन धन्यांच्या फ्यूर्तमध्ये. तिघांच्या चढाओढीत त्यांना तिथे राहायला जागा मिळाली.

मग संगीत आणि विद्या इतकी कशी बहरली?

प्रत्येक दरबाराला स्वतःचा वाद्यवृंद हवा होता आणि प्रत्येक राजाला स्वतःचं विद्यापीठ. हायडेलबेर्ग १३८६, मारबुर्ग १५२७, येना १५५८, हाले १६९४, ग्योटिंगेन १७३७. एका मालकाशी पटलं नाही तर विद्वान किंवा कलावंत दुसरा शोधायचा. संगीतकार बाखने वायमारच्या ड्यूककडे नोकरी सोडायची परवानगी फार आग्रहाने मागितली, म्हणून नोव्हेंबर १७१७ मध्ये त्याला जवळजवळ महिनाभर कोठडीत ठेवलं आणि मग काढून टाकलं. तो क्योटेनला गेला. तिथला दरबार कॅल्विनपंथी (प्रोटेस्टंटांचाच एक साधेपणाचा पंथ), चर्चमध्ये फारसं संगीत नाही, त्यामुळे त्या वर्षांत त्याच्या हातून वाद्यसंगीत भरभरून झालं.

भूदासपण कधी संपलं?

एका दिवशी नाही. बाडेनने १७८३ मध्ये रद्द केलं. प्रशियात १८०७ चा हुकूम निघाला आणि तो नोव्हेंबर १८१० पासून पूर्ण लागू झाला. पण एल्ब नदीच्या पूर्वेकडे मुक्तीची किंमत जमिनीने चुकवावी लागली: पुढच्या नियमांनुसार अनेकांना आपली एक-तृतीयांश ते निम्मी जमीन जहागीरदाराला द्यावी लागली. शेतकरी मुक्त झाला आणि त्यातले पुष्कळ जण शेतमजूर झाले.

हे सगळं मोडलं कुणी?

नेपोलियनच्या दबावाखाली राजांनी स्वतःच. फेब्रुवारी १८०३ च्या ठरावाने बिशपांची जवळपास सगळी राज्यं बरखास्त झाली आणि मुक्त नगरांपैकी फक्त सहा उरली. सुमारे ३० लाख लोकांचा राजा बदलला, त्यांना कुणी विचारलं नाही. जकात नाके मात्र बऱ्याच उशिरा हटले: प्रशियाने १८१८ मध्ये आपल्या हद्दीतले काढले आणि १ जानेवारी १८३४ ला अनेक राज्यांचा जकात संघ सुरू झाला.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध येतो का?

एक धागा नक्की आहे. हॅनोव्हरचा निर्वाचक १७१४ पासून ब्रिटनचा राजाही होता. त्यामुळे ईस्ट इंडिया कंपनीसाठी हॅनोव्हरच्या दोन पलटणी १७८२ मध्ये मद्रासला आल्या. हॅनोव्हरचाच अँथनी पोलमन कंपनीची चाकरी सोडून शिंद्यांच्या फौजेत शिरला. २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईच्या लढाईत शिंद्यांच्या कवायती पायदळाचं नेतृत्व त्याच्याकडे होतं.

आज जर्मनीत राहणाऱ्याला हे कुठे दिसतं?

सुट्ट्यांच्या यादीत. म्युनिकमधल्या सहकाऱ्याला सुट्टी असते तेव्हा बर्लिनमधला ऑफिसात असतो, कारण बव्हेरियाने कॅथलिक सण राखले आहेत. हाम्बुर्गच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर शहराच्या आद्याक्षराआधी 'हान्झा नगर' (हान्झा हा व्यापारी शहरांचा जुना संघ) याचं अक्षर असतं, आणि हाम्बुर्ग व ब्रेमेन आजही स्वतंत्र घटकराज्यं आहेत. आउग्सबुर्गला गेलात तर ८ ऑगस्ट लक्षात ठेवा. १६२९ मध्ये या तारखेला तिथल्या प्रोटेस्टंटांची उपासना बंद पाडली गेली होती. १६४८ च्या तहाने शहराची पदं दोन्ही पंथांत समान वाटली, आणि १६५० पासून त्याच तारखेला शांततेचा सण साजरा होतो. त्या दिवशी फक्त आउग्सबुर्ग शहरापुरती कायदेशीर सुट्टी असते, तेव्हा तिथली दुकानं बंद असतील.